चोरट्या शेळीचा गोड अंत

त्या मुलखात कुरण वरच्यांच्या मालकीचं होतं आणि उपदेश खालच्यांच्या.

वरचे म्हणजे घोडे. टेकडीच्या उतारावर, झऱ्याच्या दोन्ही अंगांना जेवढं म्हणून हिरवं होतं, तेवढं त्यांचं. पूर्वी तसं नव्हतं. पूर्वी तिथे गाढवं चरत, म्हशी डुंबत, शेळ्या बांधाबांधाने तोंड मारत फिरत, आणि घोडेही त्यांच्यातच असत. मग आधी काट्यांचं कुंपण आलं. मागून फाटक आलं. फाटकावर एक खेचर उभं राहिलं. हे सगळं नीट बसल्यावर, खालून कुरकुर ऐकू यायला लागली तेव्हा, चोपड्या आल्या.

चोपडी म्हणजे पातळशी, दोऱ्याने टाचलेली, फुकट वाटायची वस्तू. ती काढायचं काम सद्बोध मंडळाकडे असे, आणि मंडळ वरच्या घरच्या बायांचं. त्यांचे यजमान शर्यतीत आणि शेपट्या विंचरून घेण्यात गुंतलेले असायचे. पुण्य मिळवायचं काम त्यांनी घरात सोपवलं होतं. चोपडीचा कागद कुरणातल्याच गवताचा. जे गवत पूर्वी खालच्यांच्या पोटात जायचं, तेच आता कुटून, वाळवून, त्याच्यावर ‘समाधान’ असं छापून परत खाली यायचं. काही म्हणा, गवत शेवटी ज्याचं त्याला पोचत होतं.

त्यामुळे एक अडचण व्हायची. भुकेल्या जनावराला कागद आणि गवत यांतला फरक लवकर समजत नाही. पुष्कळजण चोपडी खाऊन टाकत. म्हणून मंडळाने नियम केला: बाजाराच्या दिवशी सार्वजनिक गव्हाणीवर भुसा वाटायच्या आधी प्रत्येकाने जीभ बाहेर काढून दाखवायची. जीभ शाईने काळी दिसली की त्या दिवशी भुसा बंद. “चोपडी वाचायची असते, चावायची नसते,” असं मंडळाच्या अध्यक्षीण अबलखीबाई प्रत्येक जिभेला समजावून सांगत. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपक्यांची ती घोडी दिसायला देखणी होती आणि मनानेही वाईट नव्हती. तिचं पोट भरलेलं असायचं, एवढाच तिचा दोष.

चोपड्यांत गोष्टी असत. कामसू गाढवाची गोष्ट, कुरकुऱ्या म्हशीची गोष्ट, अंडी देताना ओरडायचं सोडून दिलेल्या सुशील कोंबडीची गोष्ट. घोड्याची गोष्ट एकाही चोपडीत नव्हती. पश्चात्ताप करण्यासारखं त्यांच्याकडे काही सापडत नसे. आणि प्रत्येक गोष्टीत शेवटी नायक किंवा नायिका मरायची. हसत, आशीर्वाद देत, वरच्यांचे उपकार आठवत मरायची. हाही मंडळाचा नियमच होता, आणि त्यामागे विचार होता. जिवंत प्राण्याचा भरवसा नाही. आज सुधारला, उद्या बिघडला, तर छापलेल्या सगळ्या प्रती फुकट. मेलेला मात्र बिघडत नाही.

म्हणून मंडळाचा लेखक कायम मरणाऱ्यांच्या शोधात असायचा. त्याचं नाव साळपंत. साळिंदर होता. आपल्याच पाठीचा काटा उपटायचा, शाईत बुडवायचा आणि लिहायचा. ना तो वरचा, ना खालचा. कुंपणाच्या मुळाशी बिळात राहायचा आणि दर चोपडीमागे मंडळाकडून कंदमुळं घ्यायचा. तो गल्लीत दिसला की बाया दारं लावून घेत. कुणी नुसतं शिंकलं तरी शेजारी म्हणत, “जपून गं, पंत ऐकतील.”

टिकली शेळीच्या गोठ्याशी तो आला तेव्हा मात्र दार लावायला कुणी नव्हतं.

टिकली काळी होती, कपाळावर पांढरा ठिपका, हनुवटीला दाढी, वयाने उतरलेली आणि तोंडाने अजिबात न उतरलेली. एका सकाळी तिने कुंपणातल्या भोकातून मान घालून घोड्यांचा लसूणघास खाल्ला होता. कोवळा, दवाने भिजलेला, आणि भुशावर दिवस काढलेल्या पोटाला न पेलणारा. दुपारपर्यंत तिचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं. ती आडवी झाली, पाय ताठ झाले, श्वास अडकायला लागला. शेजारचं गाढव भिकोबा तिच्या उशाशी बसून नुसतं रडत होतं. भिकोबाचा जीव मोठा होता, पण त्याला दुसरं काही सुचायचं नाही.

साळपंत जवळ बसले. काटा उपटला.

“टिकलीबाई, शेवटचं काही बोलायचंय?”

“बोलायचंय तर,” टिकली धापा टाकत म्हणाली. “घास फार गोड होता हो, पंत. आणखी एक तोंड मारायला पाहिजे होतं.”

पंतांनी लिहिलं: ‘चोरीचा घास मला विषासारखा कडू लागला.’

“आणि पश्चात्ताप?”

“होतोय ना. आधी देठं खात बसले. पानं आधी खायची होती.”

पंतांनी लिहिलं: ‘तिच्या डोळ्यांना पश्चात्तापाच्या धारा लागल्या.’

“आता वरच्या मंडळींविषयी दोन शब्द.”

टिकली वरच्या मंडळींविषयी बोलली. दोन शब्दांत भागलं नाही. ती जे बोलली ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही; भिकोबानेसुद्धा रडणं थांबवून कान मागे घेतले. पंतांनी शांतपणे ‘आशीर्वाद’ एवढंच लिहिलं.

मग ते थोडा वेळ थांबले. टिकलीचे डोळे फिरले होते, पण ती मरत नव्हती, आणि पंतांना घाई होती. छपाई करणारे सुतारपक्षी उन्हं उतरली की काम बंद करायचे, आणि मंडळाला पुढच्या बाजारासाठी नवी चोपडी हवी होती. पंतांनी तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं, मान हलवली आणि शेवटची ओळ जागेवरच लिहून टाकली: ‘आणि संध्याकाळच्या कोवळ्या प्रकाशात, कुरणाकडे नजर लावून, पण त्याची इच्छा न धरता, तिने प्राण सोडला.’ आणि ते निघाले.

ते दिसेनासे झाल्यावर भिकोबाने हंबरडा फोडला. गाढवाला रडता रडता तोल सांभाळता येत नाही. तो जो कोसळला तो थेट टिकलीच्या पोटावर. आणि त्या दाबाने टिकलीच्या आतून असा एक ढेकर आला की गोठ्याच्या आढ्यावरच्या चिमण्या उडाल्या. त्याच्यामागून दुसरा आला. मग तिसरा, लांबलचक, समाधानाचा. नगारा उतरला.

“उठ माझ्या अंगावरनं, मेल्या,” टिकली म्हणाली. “आणि पाणी आण.”

भिकोबा आता आनंदाने रडायला लागला. टिकली पाणी प्यायली, तिने कान झटकले, आणि जे झालं ते सरलं असं समजून झोपी गेली.

बाजाराच्या दिवशी ती गव्हाणीवर गेली. रांगेतली जनावरं तिच्याकडे बघून मागे सरकली. म्हशीच्या तोंडात एक नवी चोपडी होती, ती खाली पडली. वरती लिहिलेलं होतं: ‘चोरट्या शेळीचा गोड अंत’. टिकली पुढे झाली, जीभ बाहेर काढली. जीभ स्वच्छ गुलाबी.

“तू कोण?” अबलखीबाईंनी विचारलं.

“कोण म्हणजे? टिकली. जन्मापासनं.”

“टिकली वारली.” बाईंचे डोळे खरोखरच ओले होते, चोपडी त्यांनी सकाळीच वाचली होती. “किती गोड गेली. तू तिची बहीण असशील.”

“मला बहीण नाही. हा बघा ठिपका, ही बघा दाढी. मेले नाही मी, बाईसाहेब. ढेकर आला आणि बरी झाले.”

अबलखीबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि त्यांचे कान हळूहळू ताठ होत गेले. त्यांनी ओळखलं. पण गव्हाणीभोवती सगळा खालचा समाज उभा होता. चोपडी आता शेजारच्या मुलखांतही गेली होती, आणि तिथल्या मंडळांकडून कौतुकाचे निरोप यायला लागले होते.

“ढेकर चोपडीत नाही,” बाई म्हणाल्या. “मेलेल्यांच्या नावचा भुसा नसतो. पुढे या, पुढे.”

त्या दिवसापासून टिकलीचा वाटा बंद झाला. एवढ्यावर भागलं असतं तरी तिने चालवून घेतलं असतं. पण मंडळाने असंही ठरवलं की मेलेल्याला जो खाऊ घालील त्याला भुताखेतांचा नाद लागला असं धरावं आणि त्याचाही भुसा बंद करावा. मग शेजारणी तोंड फिरवून जायला लागल्या. वाईट वाटायचं त्यांना, पण पोरंबाळं होती. भिकोबा तेवढा गव्हाणीवरून येताना गाल फुगवून यायचा आणि टिकलीच्या दाराशी ठेच लागल्याचं सोंग करून तोंडातला भुसा सांडायचा. तो किती असणार? शेतातली धसकटं संपली, बांध वाळले. टिकलीच्या फासळ्या मोजता येतील अशा झाल्या. चोपडीत मेलेली शेळी आता खरोखरच मरणार, हे तिलाही दिसायला लागलं आणि मंडळालाही. मंडळाने वाट बघायचं ठरवलं होतं.

पण शेळी चिवट निघाली. तेव्हा अबलखीबाई साळपंतांना घेऊन स्वतः तिच्या गोठ्याशी आल्या. दाराबाहेरच उभ्या राहिल्या. टापांना शेण लागू नये म्हणून.

“टिकले, तुझं वाईट व्हावं असं आम्हाला वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “नदीपलीकडे जा. दुसरं नाव घे. तिथे तुला कुणी ओळखणार नाही.”

“इथे तरी कुठे ओळखता?” टिकली बसल्या जागेवरून म्हणाली. “माझी आई ह्या गोठ्यात व्याली. मी कुठं जाऊ? आणि का जाऊ? खोटं ह्या पंतांनी लिहिलं, परदेशी मी व्हायचं?”

“खोटं कसं?” साळपंत दुखावले. “जरा लवकर लिहिलं, एवढंच. आज ना उद्या व्हायचंच होतं.”

“मग तुमचंही लिहून ठेवा की. व्हायचंच आहे.”

पंतांच्या पाठीचे काटे खडखडले. अबलखीबाईंनी आवाज मऊ केला.

“हे बघ. तुझ्या चोपडीने किती जणांचं कल्याण झालं! एक बैल होता, रोज कुंपणाशी येऊन उभा राहायचा. तुझी गोष्ट वाचली आणि यायचा बंद झाला. आता तू अशी हिंडत राहिलीस तर त्या बैलाने काय समजायचं? शेजारच्या मुलखातून पाहुण्या यायच्यात, जत्रेला. तुझं स्मारक बघायला. तेव्हा तोवर तू जर... आता वयही झालंय तुझं...”

“तोवर मरू म्हणता?”

“मी असं म्हटलं नाही.” बाईंनी मान वळवली. “पण तुला कशाची उणीव पडणार नाही. समाधी बांधून तयार आहे.”

“कुठे?”

“आमच्या कुरणात. झऱ्याच्या वरच्या अंगाला. मी स्वतः उभी राहून हिरवळ लावून घेतली आहे. दूर्वा आहेत, लसूणघास आहे. रोज पाणी घालतात.”

 टिकलीचे कान पुढे झाले.

“आणि ती जागा कुणाची?” तिने विचारलं.

“तुझीच,” अबलखीबाई म्हणाल्या. “दगडावर कोरलंय तसं. पंत, सांगा ना.”

पंतांना आपलं लिहिलेलं तोंडपाठ असायचं. “‘ही जागा सुधारलेल्या टिकलीची. तिला येथून कोणी उठवू नये.’”

“बरं,” टिकली म्हणाली. “जत्रेपर्यंत बघते काय जमतं ते.”

अबलखीबाई हलक्या मनाने परत गेल्या. साळपंत दोनदा वळून बघत गेले.

जत्रेच्या दिवशी फाटक उघडलं. वर्षातून तेवढा एक दिवस खालच्यांना आत घ्यायचं असं मंडळाने नव्याने ठरवलं होतं; स्मारकाचं दर्शन घ्यावं, चोपडी ऐकावी आणि रांगेने परत जावं. कुणी गवताला तोंड लावू नये म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मुसकी बांधली होती. समाधीजवळ पाहुण्या घोड्या झुली घालून उभ्या होत्या. मधोमध अबलखीबाई. चोपडी वाचायचं काम साळपंतांकडे होतं.

टिकली सगळ्यांच्या शेवटी फाटकाशी आली. तिच्या तोंडाला मुसकं नव्हतं. जिवंतांना मुसकी वाटली गेली, तेव्हा तिला कोण देणार? पाय लटपटत होते. फाटकावरचं खेचर आडवं आलं. खेचराची आई वरची होती आणि बाप खालचा. ते आईचं नाव सांगायचं आणि म्हणून घोड्यांपेक्षाही कडक होतं.

“मुसकं कुठाय?” खेचर गुरकावलं. “जिवंत शेळीला मुसक्याशिवाय आत मनाई आहे.”

“मी जिवंत आहे?” टिकलीने विचारलं.

खेचराने तोंड उघडलं. ते तसंच राहिलं.

“सांग की. आहे म्हण. आत्ता हाक मार बाईसाहेबांना आणि पाहुण्यांसमोर सांग, टिकली जिवंत आहे, तिला मुसकं द्या आणि तिच्या नावचा भुसाही द्या.”

खेचराने आत पाहिलं. आत अबलखीबाई डोळे पुसत होत्या. खेचराने पुन्हा टिकलीकडे पाहिलं.

“नाही,” ते पुटपुटलं. “जिवंत नाहीस.”

“मग वाट अडवू नकोस. माझ्या जागेवर चाललेय.”

साळपंत शेवटच्या पानावर आले होते. ‘आणि संध्याकाळच्या कोवळ्या प्रकाशात,’ ते वाचत होते, ‘कुरणाकडे नजर लावून, पण त्याची इच्छा न धरता...’ तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि काळी शेळी, कपाळावर पांढरा ठिपका, मधल्या वाटेने सावकाश चालत आली, समाधीच्या दगडाला वळसा घातला, आपल्या नावाखाली उभी राहिली आणि चरायला लागली.

या खेपेला तिने पानं आधी खाल्ली.

कुणी हललं नाही. म्हशी बघत होत्या, गाढवं बघत होती, मुसक्यांच्या आत तोंडं आपोआप हलायला लागली होती. सगळ्यांच्या नजरा अबलखीबाईंकडे वळल्या. एक शब्द बोलायचा होता: हाकला. पण हाकलायचं कुणाला? शेळीला हाकलावं तर शेळी आहे असं होतं. शेळी आहे असं झालं की चोपडी खोटी, दगड खोटा, पाहुण्या खोट्यासाठी रडल्या असं होतं. अबलखीबाईंचे ओठ थरथरले. टिकलीने मान वर केली, तोंडातून घासाचा तुरा लोंबत होता, आणि त्यांच्याकडे बघत सावकाश चावत राहिली.

“हे काय?” एका पाहुणीने दबक्या आवाजात विचारलं. “ही कोण?”

साळपंतांनी चोपडी मिटली. त्यांनी टिकलीच्या फासळ्या पाहिल्या, आणि मग, का कोण जाणे, त्यांच्या पाठीवरचे सगळे काटे हळूच खाली बसले.

“आत्मा आहे,” ते म्हणाले. “पुण्यवान आत्मा. बघा, किती समाधानाने चरतो आहे.”

पाहुण्यांना रडू आवरेना. एकीने तर झूल काढून दगडावर पांघरली. अबलखीबाईंनीही मान लववली. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं. टिकली अंधार पडेपर्यंत चरली, झऱ्याचं पाणी प्यायली, समाधीला टेकून पाय दुमडून बसली आणि रवंथ करत तिने डोळे मिटले. किती दिवसांनी तिचं पोट आणि मन एका वेळी शांत झालं होतं. तिला तिथून कुणी उठवलं नाही. दगडावर तसं कोरलंच होतं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी, भुसा वाटायच्या ऐन वेळी, भिकोबा गव्हाणीशेजारी आडवा झाला आणि कण्हायला लागला.

“पंतांना बोलवा,” तो म्हणाला. “मला पश्चात्ताप होतोय.”

साळपंत आले. “कशाचा?”

“कशाचाही,” भिकोबा म्हणाला. “तुम्हीच बघा काय लागतं ते.”

पंतांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. भिकोबाने एक डोळा घट्ट मिटला होता. दुसऱ्याने तो टेकडीकडे बघत होता. पंतांनी काटा उपटला. ‘आळशी गाढवाचं उजळलेलं मरण’ पुढच्याच आठवड्यात छापून आलं, आणि अबलखीबाईंच्या थोरल्या जावेने हट्टच धरला, की एकट्या अबलखीबाईंनीच उभारलेलं स्मारक कुरणात असावं हे बरं दिसत नाही. भिकोबाची समाधी टिकलीच्या खालच्या अंगाला झाली. थोरल्या जावेने हरळीबरोबर ओटही पेरून घेतले. मग मंडळातल्या प्रत्येकीलाच आपल्या खात्यावर खालच्यांतला एक गोड अंत हवासा वाटायला लागला.

त्या हंगामात गोड अंतांची साथच आली. आणखी एक कुरकुरी म्हैस झऱ्याकाठी वारली. तिने डबक्याजवळची जागा मागून घेतली होती. कोंबड्या थव्याने सुधारल्या आणि थव्याने गेल्या. कुंपणाशी उभा राहणारा तो बैल, ज्याचं नाव अबलखीबाई नेहमी घ्यायच्या, तो तर पहिलं पान लिहून व्हायच्या आतच मान टाकून मोकळा झाला. पंतांना म्हणाला, “बाकीचं तुम्ही लिहा, मी पुढे होतो.” मरता मरता लोक एकमेकांची थट्टा करायचे. “काय गं, अजून जिवंतच का?” “काय करू, पंतांना सवड नाही.” साळपंत रात्रंदिवस लिहीत होते. त्यांची पाठ विरळ दिसायला लागली होती, पण चेहऱ्यावर एक निवांतपणा आला होता, जो आधी कुणी पाहिला नव्हता.

शेवटी राहिलं खेचर. ते कितीतरी दिवस फाटकावर तसंच उभं होतं, कारण फाटकातून जिवंत असं कुणी जातच नव्हतं. एका दुपारी ते पंतांच्या बिळाशी आलं आणि इकडेतिकडे बघत उभं राहिलं.

“चोपडी फक्त खालच्यांवरच निघते ना?” त्याने विचारलं.

“नियम आहे तसा.”

खेचर मान खाली घालून टापेने माती उकरत राहिलं. मग म्हणालं, “माझा बाप गाढव होता, पंत. लिहा.”

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी अबलखीबाई भुशाच्या पोत्यांसह आणि नव्या चोपड्यांच्या गठ्ठ्यासह गव्हाणीवर आल्या. रांग नव्हती. जीभ दाखवायला कुणी नव्हतं. गोठ्यांची दारं उघडी, चुली गार. खालचा सबंध समाज सुधारून, आशीर्वाद देत, समाधानाने दिवंगत झाला होता. ओझी वाहायला कुणी उरलं नव्हतं, दूध द्यायला कुणी नव्हतं, शेपट्या विंचरायला कुणी नव्हतं.

बाई टेकडी चढून वर आल्या. फाटक उघडंच होतं. त्यांचे यजमान, दीर, जावा, सगळं वरचं घराणं कुंपणाच्या बाहेर रस्त्यावर दाटीने उभं होतं. आत पाऊल ठेवायला जागा नव्हती. झऱ्यापासून टेकडीच्या माथ्यापर्यंत एकाला लागून एक समाध्या होत्या, प्रत्येकीभोवती हिरवळ, प्रत्येकीवर दगड, आणि पवित्र जागेवर टाप पडू नये हा नियम मंडळानेच केलेला होता. उन्हाने तापलेल्या धुळीत घोडे एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. कुणी बोलत नव्हतं. गेलेल्यांसमोर मोठ्याने बोलू नये, म्हणून सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. आणि कुंपणाच्या आतून, टेकडीभर, सावकाश, न थांबता, चरण्याचा आवाज येत होता.